पोटगी कुणाची मेहरबानी?

'पोटगी' हा शब्दच मला खटकतो. पोटाला घालणं. ढोरालाही आपण पोटाला घालतो. नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई कोर्टाची पायरी चढते तेव्हा ती मागते काय? दया, की तिचं देणं?

आपल्या वस्त्यांत काडीमोड जुनाच. पंच बसले, काडी मोडली, बाई मोकळी. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानंही रूढीचा घटस्फोट राखला, आणि तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. पण मोकळी म्हणजे काय? पोरं कडेवर, खोली नवऱ्याच्या नावावर. ह्याला स्वातंत्र्य म्हणायचं तर उपाशी मरण्यालाही म्हणावं लागेल.

बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात घटस्फोट, पोटगी आणि बाईचा मालमत्तेतला हक्क एकत्र मांडले. एकाशिवाय दुसरं लंगडं. बिल अडवलं गेलं. १९५१ च्या राजीनाम्याचं ते एक मोठं कारण.

१९७२ च्या कायद्यानं कामगाराला ग्रॅच्युइटी हक्कानं मिळाली. ती घेताना आपण मालकापुढं मान खाली घालत नाही. अंग झिजलं त्याचं ते मोल. मग पहिल्या पाळीच्या आधी उठून आपला डबा भरणारीची झीज कुठल्या मस्टरवर?

कुणी म्हणेल, आपण काय मालक आहोत? पगार १५ तारखेला संपतो, दोन घरं कशी चालवायची? सवाल खरा आहे. कोर्टही ऐपत बघतं. कलम १२५ खाली महिना पाचशेच्या वर पोटगी नाही, ही अट २००१ साली गेली. २०२० साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की दोघांनीही कमाई, मालमत्ता, कर्ज शपथेवर लिहून द्यावं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी. थोडं असेल तर थोडं द्या. टंचाई असेल तर तीही वाटून घ्या. सगळी टंचाई एकट्या बाईच्या पदरात का?

आपल्यातलाच एखादा सभेत समतेवर बोलतो आणि घरी 'मला काही नको' असं लिहिलेल्या स्टँपपेपरवर बायकोचा अंगठा घेतो. असा कागद म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा नव्हे, हे तिला सांगा. १९८७ च्या कायद्यानं बाईला, कमाई कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणापर्यंत तिच्याबरोबर चालत जा.

आणि तो मोर्च्यात शेजारी आला, तर घोषणेच्या आधी विचारा : गड्या, या महिन्याचं देणं दिलंस का?