हजेरीपटातली कुमारी

आमच्या पोंभुर्ण्यात शाळेचा हजेरीपट मांडताना मुलीच्या नावाआधी मी 'कु.' लिहितो. मुलीचे लग्न झालेले नाही, एवढेच त्यातून सांगायचे असते. पण 'कुमारी' या शब्दाला दुसरा, अधिक कडक अर्थही आहे. एवढ्याशा फटीत दोन धर्म समोरासमोर उभे राहिले, हे सांगितले तर वाचकाला नवल वाटेल.

ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात दोन राजे यरुशलेमवर चालून आले. भ्यालेल्या आहाज राजाला यशया संदेष्ट्याने खूण सांगितली: 'आलमा' पुत्र प्रसवेल, त्याचे नाव इम्मानुएल, आणि त्या मुलाला बरेवाईट कळू लागण्याआधीच शत्रूंचे देश ओस पडतील. 'आलमा' म्हणजे तरुणी. अस्पर्श कन्येसाठी हिब्रूत 'बतूला' हा अधिक नेमका शब्द. पुढे ग्रीक भाषांतरात तिथे 'पार्थेनोस', म्हणजे कुमारी, आली. आणि मत्तयाने येशूच्या जन्मकथेत याच वचनाचा आधार घेतला.

यहुदी मात्र म्हणत आले, की ही खूण आहाजासाठी होती. मूल कोण, यावर त्यांच्यातही मतभेद. कोणी राजपुत्र हिज्कीया म्हणे, तर अकराव्या शतकातला भाष्यकार राशी संदेष्ट्याच्याच पत्नीकडे बोट दाखवी. त्यांचा मशीहा दाविदाच्या वंशातला, चारचौघांसारखा जन्मणारा. विखुरलेल्यांना गोळा करणारा. कुमारीमाता त्या अपेक्षेत नव्हतीच.

हा वाद आपल्या कोकणालाही शिवून गेला. जॉन विल्सन या मिशनऱ्यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण काढले. बेने इस्राएलांची मुले मिशनच्या शाळांत शिकली. मूळ वचन वाचले की ती ख्रिस्ताकडे वळतील, ही मिशनची आशा. धर्मांतर केले ते फार थोड्यांनी. बाकीचे शिकले आणि आपल्या प्रार्थनालयात परतले. मशीहाच्या आधी येणाऱ्या एलियाहू हन्नबीच्या नावाने पोहे, गूळ, खोबऱ्याचा मलिदा करीतच राहिले.

मग विल्सनसाहेब हरले काय? मला तसे वाटत नाही. जुन्या वचनात नव्या घटनेचा प्रकाश पाहणे ही श्रद्धेची रीत आहे. ख्रिस्ती माणसाने ती पाळली, त्यात लबाडी नाही. पण 'तुमचा ग्रंथ तुम्हांलाच कळला नाही' असे दुसऱ्याला सांगू लागलो, की श्रद्धेची हद्द संपते आणि दांडगाई सुरू होते.

हे मी कोणत्या तोंडाने सांगतो? एकदा एका मुलाने कवितेचा अर्थ माझ्याहून निराळा लावला. मी तांबड्या शाईने तो खोडला. रात्री कंदिलाशी पुन्हा वाचले, तेव्हा शब्द त्याच्या बाजूने उभे होते. सकाळी ते कबूल करायला जीभ उचलली नाही. पुढे मुलगा शाळा सोडून गेला.

अक्षर शिकवणे म्हणजे दुसऱ्याच्या हाती दिवा देणे. त्या उजेडात त्याला आपलेच घर दिसले, तर गुरूने रुसू नये.