न वाहिलेल्या मातीचें श्रेय

धरण बांधणाऱ्याचा सत्कार सोपा. धरण सर्वांना दिसतें. परंतु माती जागच्या जागीं राहिली हेंच ज्याचें कर्तृत्व, त्याला निरोप देतांना दाखवावें काय? अमेरिकेच्या मृदासंधारण खात्याचे पहिले प्रमुख ह्यू हॅमंड बेनेट १९५१ सालीं त्या पदावरून निवृत्त झाले. त्यांच्याविषयीं लिहितांना आम्हांस हाच प्रश्न पडतो.

१९०५ सालीं व्हर्जिनियांत त्यांनीं रानांतील मऊ, ओलसर माती व तिला लागूनच शेतांतील धुपून कठीण झालेली जमीन पाहिली. तरी १९०९ मध्यें ते ज्या खात्यांत होते त्यानेंच माती अक्षय असल्याचें छापलें! तें खोडण्यांत त्यांचीं कित्येक वर्षें गेलीं. १९३५ च्या वसंतांत मैदानी प्रांतांची धूळ उडून वॉशिंग्टनवर आली. त्याच दिवसांत बेनेट कायदेमंडळाच्या समितीपुढें साक्ष देत होते. २७ एप्रिलला कायदा झाला.

मग श्रेय धुळीचेंच, असें कोणी म्हणेल. आम्हांस तें पटत नाहीं. धूळ तर शेतकरी कित्येक वर्षें खातच होते. ती कां उडते हें सांगणारा मनुष्य या खेपेस तेथें हजर होता.

अशा माणसाचा सत्कार करावयाचा तर पाऊस ओसरल्यावर एखाद्या ओढ्याकांठीं जावें, आणि पाणी गढूळ नाहीं एवढें पाहून परतावें.