चकाकीचा अध्यास

फोटोशॉप किंवा गिंप यांसारख्या चित्रसंपादन प्रणालीत बटणासारखे चकचकीत बोधचिन्ह तयार करताना उंचवटा म्हणून काही निर्माण होत नाही, आणि तरीही पाहणाऱ्याला तो दिसल्यावाचून राहत नाही. भ्रमाचे स्वरूप काय, हा भारतीय दर्शनांनी शतकानुशतके चर्चिलेला प्रश्न या साध्या कृतीत पुन्हा समोर येतो.

आधी एका लेअरवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या पारदर्शक पापुद्र्यांपैकी एकावर, वर्तुळ आखून त्यात ग्रेडियंट, म्हणजे एका छटेतून दुसरीत हळूहळू उतरणारा रंग, भरला जातो. त्यावरच्या लेअरवर, वर्तुळाच्या वरच्या अर्ध्या भागात, पांढरा लंबगोल ठेवून तो खाली विरत नेतात आणि त्याची ऑपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, कमी करत जातात. हा पांढरा पूर्ण अपारदर्शक असेपर्यंत चुन्याच्या फराट्यासारखा दिसतो. तो पुरेसा विरळ झाला की एकाएकी काचेवर पडलेला उजेड होतो. स्टीव्ह जॉब्स यांनी जानेवारी २००० मध्ये ॲपलची ‘ॲक्वा’ ही दृश्यरचना सादर केल्यानंतर या चकाकीचे युग आले आणि २०१३ मधील आयओएस ७ च्या सपाट रूपापर्यंत ते बहुतांशी ओसरले.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीच अध्यासाची, म्हणजे पूर्वी पाहिलेल्या वस्तूचा दुसऱ्याच ठिकाणी स्मृतिरूपाने होणाऱ्या भासाची, चर्चा केली आहे. शिंपल्यात चांदी दिसते ती शिंपला चकाकतो म्हणून, आणि चांदीची चकाकी आधी पाहिलेली असते म्हणून. पडद्यावरच्या बटणालाही हे लागू पडते, कारण ज्याने काच किंवा घासलेले पितळ कधी पाहिलेच नाही त्याला तो पांढरा डाग केवळ डागच दिसेल. परंतु शिंपला ओळखल्यावर चांदी मावळते, बटण मात्र सपाट आहे हे पुरते ठाऊक असूनही फुगीरच दिसते. अशा भासाला वेदान्ती सोपाधिक भ्रम म्हणतात: जास्वंदीजवळ ठेवलेला स्फटिक तांबडा नाही हे कळले तरी फूल, म्हणजे उपाधी, जवळ असेपर्यंत तो तांबडाच दिसतो. बटणाच्या बाबतीत ही उपाधी पडद्यावर नसून पाहणाऱ्याच्या ठायी आहे, कारण प्रकाश वरूनच येतो असे दृष्टी गृहीत धरते. मेंदूविज्ञानाचे अभ्यासक व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये छायेवरून आकार कसा जाणवतो याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हे गृहीतक स्पष्ट दिसते. वर उजळ आणि खाली गडद अशी छटा भरलेले वर्तुळ उलटे केले की उंचवट्याच्या जागी खळगा दिसू लागतो.

मग ही चकाकी खोटी म्हणावी काय? बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीच्या मते जे अर्थक्रिया करते, म्हणजे प्रत्यक्ष काही कार्य घडवते, तेच सत्, म्हणजे खरोखर असणारे. त्या कसोटीवर दाबले असता काम करणारे बटण उतरते, कारण त्याच्या भासामागे काही घडते. केवळ बटणाचे रूप घेतलेले बोधचिन्ह बोटाला बोलावते खरे, पण दाबल्यावर काहीच करत नाही. तरीही त्याला फसवणूक म्हणणे अन्यायाचे होईल, कारण ते वस्तू विकत नाही, स्पर्शाची आठवण जागी करते, आणि ही आठवण पाहणाऱ्याचीच असते.

येथे ज्ञानेश्वरांची भूमिका अधिक जवळची वाटते. ‘अमृतानुभवा’च्या सातव्या प्रकरणात त्यांनी अज्ञानाचेच खंडन केले आहे, जग हे अज्ञानाने घातलेले आवरण नसून एकच तत्त्व द्रष्टा आणि दृश्य होऊन विलसते, असे ते मानतात. बोधचिन्ह पूर्ण झाल्यावर सगळे लेअर एकत्र केले जातात, तेव्हा वेगळा काढता येईल असा पांढरा पापुद्रा उरत नाही, प्रत्येक बिंदूला आपला एकच रंग असतो, आणि त्या रंगांतच वरून पडलेला उजेड पूर्वीसारखाच दिसत राहतो.