देवाचा न्याय कोणत्या मापाने करावा?

धम्म स्वीकारलेल्या घराला शेजारीपाजारी एक प्रश्न हमखास विचारतात. देव्हारा काढलात, ठीक. पण देवाचा धाक नसेल तर पोरे नीतीने का वागतील? प्रश्न खवचटपणे विचारलेला असो की काळजीपोटी, त्याला उत्तर दिले पाहिजे. त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की नीतीचा उगम देवात आहे. हे मत ठामपणे मांडणाऱ्यांत यहुदी आणि ख्रिस्ती धर्म अग्रभागी आहेत. तेव्हा त्यांच्याच ग्रंथात देव कसा वागतो, हे पाहणे रास्त होय. कुणाच्या श्रद्धेची टवाळी करण्याचा येथे हेतू नाही.

उत्पत्ती या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात सदोम नगराचा नाश करण्याचा बेत देव अब्राहामाच्या कानावर घालतो. अब्राहाम मान डोलावून गप्प बसत नाही. नगरात ५० सज्जन असले तर दुर्जनांबरोबर त्यांनाही मारणार काय, असे तो विचारतो. जो जगाचा न्याय करतो त्यानेही न्यायानेच वागले पाहिजे, असा त्याचा रोख आहे. मग ५० वरून ४५, ४०, ३०, २० आणि शेवटी १०, अशी बाजारात घासाघीस करावी तशी घासाघीस चालते. (त्या नगरातील तान्ही मुले कोणत्या बाजूला मोजली, हे मात्र ग्रंथ सांगत नाही.) आता विचार करा. देव करील तोच न्याय असेल, तर अब्राहामाच्या प्रश्नाला अर्थच उरत नाही. प्रश्नाला अर्थ आहे, याचाच अर्थ न्यायाचे माप अब्राहामाजवळ अगोदरच होते आणि त्या मापाने तो देवालाही मोजू पाहत होता.

हाच अब्राहाम चार अध्यायांनंतर, स्वतःच्या मुलाला बळी देण्याची आज्ञा होताच, एक शब्दही बोलत नाही. सुरी उगारल्यावर देव त्याला थांबवतो आणि इसहाकाऐवजी एडका कापला जातो. पुष्कळ धर्मपंडित हा श्रद्धेचा कळस मानतात. आम्हाला सदोमसाठी भांडणारा अब्राहाम अधिक मोठा वाटतो.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील १५ वा अध्याय तर वाचवत नाही. अमालेकी लोकांच्या पूर्वजांनी, मिसरातून निघालेल्या इस्राएलींवर पूर्वी कधी काळी हल्ला केला होता. म्हणून शौल राजाला आज्ञा होते की पुरुष, स्त्रिया, अंगावर पिणारी मुले, गुरेढोरे, सर्व मारून टाक. शौल राजा अगाग आणि निवडक जनावरे तेवढी राखतो. देव त्याच्यावर रुष्ट होतो, तो मुले मारली म्हणून नव्हे, राजा आणि जनावरे राखली म्हणून! या स्वाऱ्या जशाच्या तशा घडल्या नाहीत, असे आज अनेक संशोधक मानतात. पण प्रश्न इतिहासाचा नाही. अशी आज्ञा देणारा पूज्य कसा, हा प्रश्न आहे.

काही ख्रिस्ती बंधू म्हणतात, तो जुन्या कराराचा देव. येशूचा देव प्रेमळ आहे. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या माणसाने दोन निरनिराळे देवच मानले होते. रोमच्या चर्चने इ. स. १४४ च्या सुमारास त्याला बाहेर काढले. ही वाटणी खरीही नाही. अनंतकाळच्या शिक्षेची भाषा नव्या करारातच, मत्तयाच्या २५ व्या अध्यायात आहे. उलट जुन्या करारात विधवा, अनाथ आणि परका यांची कणव वारंवार येते. योनाच्या पुस्तकाच्या शेवटी तर देव शत्रूच्या निनवे नगरातील १,२०,००० माणसांची आणि गुरांचीही काळजी करतो. क्रूर यहुदी देव आणि दयाळू ख्रिस्ती देव, ही विभागणी कुठे नेते तेही जगाने पाहिले आहे. १९३९ साली जर्मनीत आयझेनाख येथे, ख्रिस्ती धर्मातून यहुदी अंश काढून टाकण्यासाठी, चर्चच्या लोकांनी संस्थाच स्थापन केली होती.

आम्हाला सर्वात जवळचा वाटतो तो वाद निराळा आहे. दहा आज्ञांत देव बापाच्या अपराधाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत देतो. बाबिलोनात हद्दपार झालेला यहेज्केल मात्र १८ व्या अध्यायात देवाच्याच नावाने हे नाकारतो. मुलगा बापाचे पाप वाहणार नाही, ज्याचे कर्म त्याच्यापाशी, असे तो सांगतो. योहानाच्या ९ व्या अध्यायात जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्य विचारतात, पाप याचे की आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. जन्मालाच शिक्षा ठरवण्याचा अनुभव ज्यांच्या पिढ्यांनी घेतला, त्यांना या ओळींचे मोल कुणी समजावून सांगायला नको. देवाचे चरित्र ग्रंथात सुधारत गेले, ते माणसांची सदसद्विवेकबुद्धी जागी होत गेली म्हणून, असे आमचे मत आहे.

यहुदी आचार्यांनाही अमालेकाची कथा टोचत होती. तालमूदमधील योमा या भागात त्यांनी शौलाच्या तोंडी एक प्रश्न घातला आहे. मोठ्यांनी अपराध केला असेल, तर लहान मुलांचा काय गुन्हा? त्यावर आकाशवाणी होते ती एवढीच, की फार न्यायी होऊ नकोस.