बोर्डावरचं बटण चालूच ठेव

सांगली, रविवार

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

ताईकडून कळलं, तू कामासाठी ओलेड मॉनिटर घेतलास. तिने फोटोही दाखवला. काळा रंग किती गडद दिसतो गं! पण खाली टास्कबारची पांढरीशुभ्र पट्टी पाहिली आणि तुला लिहायला बसलो.

लहानपणी तू सुट्टीत माझ्या दुकानात स्टुलावर बसायचीस. तिकीट खिडकीवरचा एक जुना, पिक्चर ट्यूबवाला मॉनिटर दुरुस्तीला आला होता, आठवतो? बंद काचेवरही अक्षरं उमटलेली होती, आणि तू ती बोट फिरवत वाचलीस. तेव्हा फॉस्फर झिजायचा. स्क्रीनसेव्हर त्यावरचाच उपाय होता. तुझ्या पडद्याची रचना वेगळी आहे, पण दुखणं त्याच जातीचं.

ओलेडच्या मागे दिवा नसतो. प्रत्येक ठिपका आपापला उजळतो आणि त्यातलं सेंद्रिय द्रव्य उजळता उजळता झिजतं, निळं सगळ्यात आधी. लोक याला बर्न-इन म्हणतात, पण जळत काही नाही. खिडकीजवळ ठेवलेल्या साडीची उन्हाकडची घडीच विटावी, तसं होतं. टीव्हीवर चित्र सारखं बदलतं, म्हणून झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. तुझ्यासमोर मात्र दिवसभर तीच पट्टी, तोच कोडचा एडिटर.

म्हणून टास्कबार आपोआप लपेल असं कर, मागचं चित्र काळं ठेव, आणि खोलीत डोळ्यांना पुरेल एवढाच ब्राइटनेस ठेव. पाच मिनिटं हात लागला नाही की पडदा बंद व्हायला हवा. जेवायला उठलीस तर तोही विश्रांती घेईल. उठतेस ना वेळेवर? ताईला तीच काळजी असते.

आता मुख्य गोष्ट. रात्री सगळी बटणं बोर्डावरून बंद करायची, ही आजीने लावलेली शिस्त. ती इस्त्रीला पाळ, मिक्सरला पाळ, पण या मॉनिटरला लावू नकोस बाळा. स्टँडबायला गेला की तो आतल्या आत झीज तपासून ठिपक्यांना मिळणारा प्रवाह जुळवून घेतो. बहुतेक मॉनिटर साधारण चार तासांच्या वापरानंतर हे करतात, आणि काही मिनिटांत आटोपतात. बटणच बंद असेल तर ते राहून जातं. मेनूतली मोठी सफाई मात्र हौसेने पुन्हा पुन्हा चालवू नकोस. तो स्वतः सांगेल तेव्हाच कर.

कधी एखाद्या खिडकीची पुसट सावली दिसली तर लगेच घाबरू नकोस. थोड्या वेळाने विरली, तर ती तात्पुरती. राहिलीच, तर मला फोटो पाठव.

इकडे आजीचा गुडघा बरा आहे. दारातल्या आंब्याला मोहोर आलाय. आजीला बोर्डाचं समजावलं, तर म्हणाली, ‘मग विजेचं बिल?’ स्टँडबायला फार थोडी वीज लागते म्हटलं, तेव्हा पटलं.

आणि हमीचा कागद नीट वाच. एलियनवेअरने २०२२ साली पहिला क्यूडी-ओलेड मॉनिटर आणला, तेव्हा तीन वर्षांच्या हमीत बर्न-इनही धरलं होतं. पण सगळेच धरतात असं नाही. तुझ्या कागदावर काय लिहिलंय ते कळव, आणि पावती खोक्यात टाकू नकोस, फाइलला लाव.

तुझा मामा