ऊन फुकट आहे, अक्कल नाही

सोलर म्हणजे निव्वळ फसवणूक आहे, असं तू चारचौघांत बोललास, म्हणून तुझी कानउघाडणीही चारचौघांतच करतो. घरी बोलावून समजावलं असतं तर मान डोलावून गेला असतास आणि दुसऱ्या दिवशी हायवेवरच्या टपरीवर तेच पुन्हा सांगितलं असतंस. तुझं नाव घेत नाही, एवढीच सवलत. अख्ख्या राजेश्वर गावात चाकांवरचं घर एकच आहे, त्यामुळे त्या सवलतीचा तुला फारसा उपयोग होणार नाही.

घरगाडी बांधलीस याचा मला राग नाही. जीपमागं ओढायची, आत दोन पलंग, ओटा, पाण्याची टाकी. तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर करायचं, लॉजचे पैसे वाचवायचे, लेकरांना मुलूख दाखवायचा. बेत चांगला आहे. सुतारकाम तर मन लावून केलंयस, बिजागऱ्या पितळी बसवल्यास. मग विजेचं काम करताना डोकं कुठं गहाण ठेवलं होतंस? गाणगापुरात पहिल्याच मुक्कामी भात शिजायच्या आत अंधार झाला. दोष कुणाला दिलास? आभाळाला, कंपनीला, दुकानदाराला. स्वतःला सोडून सगळ्यांना.

मी विचारलं, "लोड किती?" तू म्हणालास, "एक किलोवॅटची सिस्टीम आहे गुरुजी, सगळं चालतंय." विचारलं काय, सांगितलंस काय! किलोवॅट ही पॅनलची शक्ती. किती वॅटचं यंत्र किती तास चाललं ते युनिटात मोजतात, ती ऊर्जा. शक्ती आणि ऊर्जा यांतला फरक लिहा, असा दोन गुणांचा प्रश्न शाळेत असायचा. तो तू तेव्हाही सोडून देत होतास, आणि आता लाखभर रुपये घालूनही सोडूनच दिलास.

तुझा हिशेब असा: ५४० वॅटचे दोन पॅनल म्हणजे १०८०, दिवस बारा तासांचा, झाले तेरा युनिट. वा! पॅनलच्या मागे चिकटवलेला कागद एकदा तरी वाचलास का? ते ५४० वॅट प्रयोगशाळेतले आहेत. चौरस मीटरवर १००० वॅट ऊन पडतं आणि पॅनल २५ अंशांवर थंड असतं, तेव्हाचे. कलबुर्गीच्या मे महिन्यात पत्र्यावर आडवं पडलेलं पॅनल ६५ अंशांच्या घरात जातं. दर अंशाला साधारण ०.३५ टक्का उत्पादन घटतं. चाळीस अंश वाढले की चौदा टक्के गेले. पत्रा आणि पॅनल यांच्यात चार बोटं पोकळी ठेवली असतीस तर खालून वारा खेळला असता. तू तर ते पत्र्याला टेकवूनच आवळलंस. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन धरून आपल्याकडं वर्षाच्या सरासरीनं दिवसाला पाचेक तासांचं भरदार ऊन मिळतं. त्यातून उष्णता, धूळ, वायर, इन्व्हर्टर यांची घट वजा कर. चांगल्या दिवशी साडेतीन-चार युनिट हातात येतात. आषाढ-श्रावणात आभाळ आठवडाभर उघडत नाही, तेव्हा एका युनिटावर समाधान मानायचं.

आता खर्चाची बाजू. १८०० वॅटचं इंडक्शन, दोन्ही वेळा मिळून सव्वा तास: सव्वादोन युनिट. घरातला जुना फ्रिज उचलून आत ठेवलास: दिवसाला एक-सव्वा. छताचे जुने पंखे दोन, प्रत्येकी ७५ वॅट, रात्रीचे आठ तास: १.२. पाण्याची मोटर, मिक्सर, टीव्ही, चौघांचे मोबाइल अजून धरलेच नाहीत, आणि साडेचार युनिटांच्या वर आपण गेलोच. जमेपेक्षा खर्च जास्त. हे साध्या किराणा दुकानाच्या खतावणीत कळतं, तुला विजेत कळलं नाही.

बरं, रात्री ऊन नसतं हेही मीच सांगायचं का? अंधार पडल्यावरचा सगळा भार बॅटरीवर. १५० अँपिअर-तासांच्या शिशाच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या जोडून तू २४ व्होल्ट केलेस. कागदावर ३.६ युनिट. शिशाची बॅटरी रोज अर्ध्याच्या खाली उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्यानं सरतं, म्हणून वापरायचे १.८, आणि इन्व्हर्टरनं आपला वाटा घेतल्यावर दीड. त्यातलं एक युनिट संध्याकाळच्या स्वयंपाकातच संपतं. शिवाय ते १५० सुद्धा सावकाश काढले तरच मिळतात, दहा तास पंधरा-पंधरा अँपिअरनं. इंडक्शन लावलंस की तू नव्वदच्या आसपास अँपिअर ओढतोस. एवढ्या ओढीला तुझी ट्युब्युलर फार वेळ पुरी पडत नाही. तिचा व्होल्टेज बसतो आणि इन्व्हर्टर शहाणा असल्यामुळे बंद होतो. गाणगापुरात बंद पडला तो बिघाड नव्हता. त्या गाडीत नियमानं वागणारी तेवढी एकच वस्तू आहे.

आणि तिथं गाडी उभी कुठं केलीस? झाडाखाली! सावलीही हवी आणि ऊनही हवं. पॅनलमधल्या सेल एकामागं एक ओवलेल्या असतात. एका फांदीची सावली दोन-चार सेलवर पडली तरी त्या ओळीतला सगळा प्रवाह अडतो. बायपास डायोड असतात म्हणून पॅनल पूर्ण मरत नाही, पण तिसरा हिस्सा सहज जातो. गाडी सावलीत ठेवायची असेल तर सुटं पॅनल घे, लांब वायरीवर उन्हात मांड. जीप चालू असताना तिच्या अल्टरनेटरवरून घरगाडीची बॅटरी भरायला डीसी-डीसी चार्जर मिळतो. पावसाळ्यात तोच तुला तारेल.

चाकांवरचं घर उन्हावर चालत नाही, असं आता म्हणू नकोस. चेतनसिंग सोलंकी हे नाव ऐक. आयआयटी मुंबईत सौरऊर्जा शिकवलेला माणूस. २६ नोव्हेंबर २०२० ला भोपाळहून बस घेऊन निघाला, २०३० पर्यंत घरी राहायला जाणार नाही असं ठरवून. एनर्जी स्वराज यात्रा म्हणतात तिला. झोपणं, रांधणं, कचेरी, बैठका, सगळं त्या बसमध्येच. बस धावते डिझेलवर, पण आतलं घर चालतं उन्हावर. छपरावर ३.२ किलोवॅटचे पॅनल आणि बॅटरी ६ युनिटांची. आकडे नीट बघ. तुझ्या तिप्पट पॅनल, पण बॅटरी दुपटीपेक्षा कमी. एवढ्या पॅनलवर चांगल्या दिवशी दहा-बारा युनिट येणार आणि साठवण निम्मीच. म्हणजे जड कामं ऊन असतानाच उरकायची, रात्रीसाठी बॅटरी जपायची. तुझ्या घरात इंडक्शन नेमकं दिवेलागणीला पेटतं.

हाच माणूस लोकांना तीन गोष्टी सांगत फिरतो: आधी वापर टाळा, मग कमी करा, आणि शेवटी निर्माण करा. सौरऊर्जेचा प्राध्यापक पॅनलला तिसऱ्या नंबरवर ठेवतो आणि तू थेट तिसऱ्यावरून सुरुवात केलीस. पहिल्या दोन पायऱ्या चढून बघ. इंडक्शन काढ, पाच किलोचा सिलिंडर घे आणि चूल गाडीबाहेर मांड. जुन्या पंख्यांऐवजी तीस वॅटचे बीएलडीसी पंखे बसव: दोन्ही मिळून रात्रभरात अर्धं युनिट. घरचा फ्रिज घरी पाठव, बॅटरीवर थेट चालणारा छोटा आण: अर्धं-पाऊण युनिट. दिवे आणि मोबाइलला पाव धर. दीड युनिटात संसार बसला. तेच पॅनल, तोच सूर्य, आणि निम्म्याहून जास्त वीज उरते. पॅनल कमी पडलेच नव्हते.

इथवर जे बोललो ते पैशाचं. पैसा गेला तर तुझा गेला, मला काय. पण पुढचं मात्र नीट वाच, कारण मला खरा राग आलाय तो याचा.

बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत तू सहा एमएमची वायर टाकलीस. नव्वद अँपिअरला! तिथं पंचवीस-पस्तीस एमएमची वायर लागते, टोकांना लग पंच केलेले लागतात. तू तारा पिळून नटाखाली दाबल्यास. वायर कोमट लागते म्हणून माझ्यासमोर हसलास. वायरीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. हा जूलचा नियम तू फळ्यावर स्वतःच्या हातानं लिहिलायस. ती वायर प्लायवूडला खिळे मारून ठोकलीय, आणि प्लायवूडच्या मागे थर्माकोल आहे.

फ्यूज विचारला तर म्हणालास, "घरातली एमसीबी लावलीय की." घरातला प्रवाह एसी, सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तेव्हा ठिणगी विझते. बॅटरीचा डीसी शून्यावर येतच नाही. संपर्क सुटला तरी ठिणगी ताणली जाते, पेटती राहते, एमसीबीचा डबाच वितळू शकतो. डीसीसाठी बनवलेला फ्यूज हवा, आणि तो बॅटरीच्या टोकाजवळ, वीतभर अंतरात. पॅनलकडून येणाऱ्या वायरीवरही डीसी एमसीबी. हा खर्च तुझ्या त्या पितळी बिजागऱ्यांपेक्षा फार नाही.

आणि बॅटऱ्या कुठं ठेवल्यास? लेकरं झोपतात त्या पलंगाखाली, बंद पेटीत. शिशाच्या बॅटरीला चार्जिंगच्या शेवटी पाण्याचं विघटन होतं आणि हायड्रोजन सुटतो. हवेत चार टक्के झाला की पेटायला एक ठिणगी पुरते. प्रयोगशाळेत परीक्षानळीच्या तोंडाशी जळती काडी नेल्यावर 'फट्' आवाज आला की तुम्ही सगळे टाळ्या वाजवायचात. तो नळीभर वायू होता, इथं पेटीभर आहे. वर त्या दोन्हींचं वजन शंभर किलोंच्या पुढं, आत तेजाब, आणि पट्ट्यानं बांधलेल्याही नाहीत. आपल्या रस्त्यांवरचे गतिरोधक तुला माहीत आहेत.

लिथियम घेतो म्हणशील. घे. लोह-फॉस्फेटवाली घे, तेवढ्याच वापराला वजन निम्म्याहून कमी, आणि ऐंशी टक्क्यांपर्यंत निर्धास्त वापरता येते. पण तीही कोंडून ठेवायची वस्तू नव्हे. सोलर इम्पल्स २ हे उन्हावर उडणारं विमान २०१५ साली अहमदाबाद-वाराणसीला येऊन गेलं. त्याच वर्षी जपानहून हवाईला जाताना त्याच्या बॅटऱ्या तापून खराब झाल्या आणि विमान एप्रिल २०१६ पर्यंत जमिनीवर बसलं. त्यांच्याकडं अभियंत्यांची फौज होती, तुझ्याकडं व्हॉट्सअॅपवर आलेला व्हिडिओ आहे.

आरटीओचंही ऐकून ठेव. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला मनानं करता येत नाही. आधी कागद कर. एखाद्या वळणावर पॅनल उडून मागच्या मोटारसायकलवाल्यावर पडलं तर विमा कंपनी सगळ्यात आधी हेच विचारेल.

रविवारी सकाळी ये. दुकानदाराचं कोटेशन आणू नकोस, मोबाइल दाखवू नकोस. एका कागदावर प्रत्येक वस्तूचं नाव, वॅट, रोजचे तास आणि युनिट, असे चार रकाने स्वतःच्या अक्षरात लिहून आण. बॅटऱ्यांची पेटी आजच पलंगाखालून बाहेर काढ, मधला जोड सोडव. ती सहा एमएमची वायर बदलून मला दाखवल्याशिवाय त्या गाडीत लेकरं झोपवायची नाहीत.