‘चालतंय ना, सर’ हे उत्तर नव्हे

बसू नकोस, उभाच राहा. आणि तो लॅपटॉप मिटू नकोस. पडद्यावर जे सरकतंय ते सगळ्या वर्गाला दिसू दे.

काल कँटीनमध्ये फुशारकी मारत होतास म्हणे, की इचलकरंजीच्या घरातला जुना डेस्कटॉप तू इथे पुण्याच्या हॉस्टेलवर बसून हवा तेव्हा उघडतोस. उघडतोस, खरं आहे. तुझ्याबरोबर साऱ्या जगालाही तो उघडून बघायची सोय करून ठेवलीस, तेवढं सांगायचं राहिलं. अडगळीतल्या मशीनवर लिनक्स टाकलंस, सर्व्हर उभा केलास, त्याबद्दल शाबासकी देतो, ती घे आणि खिशात ठेव. आता राऊटरशी जे केलंस त्याबद्दल बोलू.

‘पोर्ट फॉरवर्डिंग चालेना, म्हणून डीएमझेड चालू केलं.’ तुझंच वाक्य आहे ना हे? का चालेना, हे शोधलंस? नाही. तिसऱ्या वर्षाला आलास, नेटवर्किंगच्या पेपरात चांगले मार्क पाडलेस, आणि राऊटर काय करतो हे स्वतःच्या घरात ओळखता येत नाही?

ऐक पुन्हा. वाड्याचा पत्ता एक आणि आत बिऱ्हाडं दहा, तसं तुमच्या घरचं नेटवर्क. बाहेर दिसणारा आयपी पत्ता एकच. आतले सगळे 192.168 वाले, म्हणजे 1996 साली खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्यांपैकी, बाहेरच्या जगात ज्यांना काही अर्थ नाही असे. आतून कुणी पत्र धाडलं, तर उत्तर कुठल्या बिऱ्हाडात द्यायचं याची नोंद राऊटर ठेवतो. बाहेरून न बोलावता आलेलं, बिऱ्हाडाचा पत्ता नसलेलं पत्र तो टाकून देतो. तुला वाटलं, राऊटर आडमुठेपणा करतोय. तो त्याचं काम करत होता.

आणि अडलं कुठे होतं? आधी तुझा राऊटर सांगत होता की त्याचा बाहेरचा पत्ता 100.72 ने सुरू होतो. 100.64 ते 100.127 हा पट्टा 2012 साली इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी बाजूला काढलेला आहे. आयपीव्ही4 मध्ये पत्तेच मुळात सुमारे 430 कोटी, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी 2011 मध्ये वाटून संपले. म्हणून कंपनी अनेक गिऱ्हाइकांना एका पत्त्यामागे बसवते. तिथे तू तुझ्या राऊटरवर कितीही पोर्ट उघड, बाहेरून येणारा कंपनीच्याच दारात अडणार. राऊटरच्या पानावरचा पत्ता आणि बाहेरून दिसणारा पत्ता जुळतो का, एवढं ताडून बघायला कितीसा वेळ लागतो? तू तो दिला नाहीस. वडिलांच्या पैशाने स्टॅटिक आयपी घेतलास.

तरीही चालेना, कारण सर्व्हरचा आतला पत्ता बदलला होता. तू नियम लिहिलास 105 साठी. वीज गेली, आली, राऊटरने मशीनला 107 दिला. डीएचसीपीमध्ये पत्ता राखून ठेवायची एक ओळ लिहायची, तर तू सगळं रान मोकळं केलंस. डीएमझेड म्हणजे बाहेरून येईल ते सगळं, सगळ्या पोर्टांवरचं, थेट 107 वर. उद्या पुन्हा वीज गेली आणि 107 हा पत्ता वडिलांच्या कॉम्प्युटरला मिळाला तर? ज्याच्यावर यंत्रमागाचा हिशेब आहे, सुताच्या उधाऱ्या आहेत, जीएसटीची कागदपत्रं आहेत, त्याच कॉम्प्युटरला? उंटावरून शेळ्या हाकणारा तू पुण्यात असशील, आणि निस्तरायला तिकडे ते.

‘सर, मला कोण ओळखतं?’ हे म्हणणारच होतास. कुणी ओळखायची गरजच नाही. 2013 साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन केलं. एका चांगल्या जोडणीवरून सगळ्या आयपीव्ही4 पत्त्यांवर एखादं पोर्ट उघडं आहे का, हे ते पाऊण तासाच्या आत पाहून येतं. तुझं नाव, गाव, मार्कशीट यात कुणालाही रस नाही. पडद्यावर बघ. ‘फेल्ड पासवर्ड फॉर रूट’. खाली पुन्हा तेच. मग ॲडमिन, टेस्ट, पाय, पोस्टग्रेस, ओरॅकल. तुमच्या घरात ओरॅकल नावाचं कोण राहतं? हे यंत्र आहे, बॉट आहे. ते दमत नाही, कंटाळत नाही, जेवायला उठत नाही. आणि त्याच्यासमोर तू उभा केलायस तुझ्या नावामागे 123 लावलेला पासवर्ड.

2016 साली मिराई नावाचा घुसखोर प्रोग्राम याच वाटेने वाढला. साठेक ठरलेल्या नाव-पासवर्डांच्या जोड्या घेऊन तो कॅमेरे आणि राऊटर काबीज करत गेला, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच जोरावर अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट तासन्‌तास अडकल्या. तो लांबचा वाटत असेल तर जानेवारी 2022 घे. क्यूनॅपच्या घरगुती साठवणयंत्रांवर डेडबोल्ट हा खंडणीखोर प्रोग्राम पडला, लोकांचे फोटो आणि कागद कुलूपबंद करून 0.03 बिटकॉइन मागत बसला. कंपनीला सांगावं लागलं, की राऊटरवरचं पोर्ट फॉरवर्डिंग बंद करा, यूपीएनपी बंद करा. ही तुझ्यासारखीच माणसं होती: घरात एक डबा, आणि तो बाहेरून दिसावा ही हौस.

एसएसएचचं पोर्ट 22 च्या जागी 2222 केलं की झालं, असं मागच्या बाकावरून कोण पुटपुटलं? लॉगमधला गोंगाट कमी होईल, बाकी काही नाही. बस खाली.

काय करायला हवं होतं, तेही सांगतो, म्हणजे ‘सरांनी नुसतंच झापलं’ म्हणायला जागा राहणार नाही. वायरगार्ड हे व्हीपीएन मार्च 2020 पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. राऊटरवर एकच यूडीपी पोर्ट त्याच्याकडे वळवायचं. ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला ते उत्तरच देत नाही, म्हणून चाचपडणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही. एसएसएच त्या बोगद्याच्या आत ठेवायचं, पासवर्डने लॉगिन बंद करायचं, किल्लीनेच आत जायचं. स्टॅटिक आयपी परवडत नसेल तर टेलस्केलसारखी सोय आहे. ती आतून बाहेर जोडणी करते, राऊटरवर काही उघडावं लागत नाही. आयपीव्ही6 असेल तर मधलं पत्त्यांचं भाषांतर नसतं, पण मग राऊटरची फायरवॉल चालू आहे ना, हे स्वतः बघायचं. आणि तपासणी घरच्या वायफायवरून करायची नाही, मोबाइल डेटावरून करायची. आतूनच बाहेरच्या पत्त्यावर गेलास तर कित्येक राऊटर ती वळसेवाट जमवतच नाहीत. उघडं असून बंद वाटतं, आणि मग तुझ्यासारखे आणखी चार खिडक्या उघडतात.

आता लॉगमध्ये ‘ॲक्सेप्टेड’ शोध. फेल्ड किती हे मोजत बसू नकोस, आत कोण आलं ते बघ. तू पेपर लिहीत होतास त्या वेळची एखादी ओळ आहे का, अनोळखी पत्त्यावरची आहे का, नीट वाच. सापडली नाही म्हणून हुश्श करू नकोस. घुसणारा हुशार असेल तर त्याने ती पुसलीही असेल. लॉगची प्रत काढून घे, मग वर्गाबाहेर जाऊन वडिलांना फोन लाव आणि सर्व्हरची नेटवर्क वायर काढायला सांग. का, हे त्यांना खरं सांग. शनिवारी घरी जा, डीएमझेड आणि यूपीएनपी बंद कर, राऊटरचा आणि वडिलांच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड बदल, आपले फोटो आणि कागद तेवढे काढून घे, डिस्क पुसून लिनक्स नव्याने टाक. सोमवारी पहिल्या तासाला राऊटरच्या पानाचे फोटो घेऊन ये. त्यात एकापेक्षा जास्त पोर्ट उघडं दिसलं, तर तुझ्या प्रोजेक्टवर माझी सही होणार नाही.